नारिंगी जाकिटाची ट्रायल

आमच्या भिलाईत ऋतू दोनच. एक उन्हाळा, आणि दुसरा पुढच्या उन्हाळ्याची धास्ती घेण्याचा. तरी वीस वर्षांची असताना मी वर्षाचे चार-चार सीझन पाळत होते, कारण पॅरिस आणि मिलानवाले पाळत होते. त्या लोकांची तऱ्हाच उलटी. थंडीचे कपडे ते फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवतात आणि उन्हाळ्याचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मी ते सगळं सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमागे, अंगणात जिथे मोबाइलला नेटवर्क यायचं त्या एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीवर पाय सोडून बसून पाहायचे. आणि पाहिलं की लगेच अमलात आणायचे, कारण वाट पाहणं माझ्या रक्तातच नाही. एका एप्रिलमध्ये लांब कोटाची फॅशन आली म्हणून आईच्या जुन्या जाड चादरीचा कोट शिवला, तो घालून तिच्याबरोबर बाजारात गेले आणि कोथिंबिरीच्या ढिगावर चक्कर येऊन पडले. भाजीवालीने तोंडावर पाणी मारलं आणि आईला म्हणाली, "बच्ची को बुखार था तो घर में सुलाती, बाई."

पण मी कोणाचं ऐकणारी नव्हते. रनवेवरचा ट्रेंड आपल्या गावात कसा घालायचा याचा माझा चांगला अभ्यास झाला होता. ओव्हरसाइज आला तेव्हा मला काहीच करावं लागलं नाही, कारण स्टील प्लांटचा गणवेश सगळ्यांना एक माप मोठाच शिवलेला असायचा आणि आख्खी टाउनशिप नकळत फॅशनमध्ये होती. लेअरिंगचंही तसंच. जानेवारीत पहाटे फर्स्ट शिफ्टला निघालेले काका पाहा: बनियन, त्यावर शर्ट, त्यावर बायकोने विणलेला स्वेटर, त्यावर जाकीट, मानेला मफलर, डोक्याला कानटोपी आणि कानटोपीवर हेल्मेट. पॅरिसच्या मुलींना एवढं जमत नाही.

भांडण झालं ते फाटक्या पँटवरून. त्या सीझनला भोकं पडलेल्या पँटी चालू होत्या, आणि माझे बाबा प्लांटमध्ये फिटर, गॅस कटिंगच्या ठिणग्यांनी त्यांच्या पँटीला आयती भोकं. धुवायला टाकलेली एक मी उचलली, कंबर आवळली आणि घालून कॉलेजात गेले. मैत्रिणी वेड्या झाल्या. संध्याकाळी बाबांनी पाहिलं आणि ते चपला काढता काढता थांबले.

"आमच्या बापाले गावात नवा कपडा घालायची सोय नव्हती," ते म्हणाले. "घातला तं लोक रस्त्यात थांबवून विचारत, कोणाचा चोरला. आन तू चांगला कपडा सोडून फाटका घालून राहिली?"

विदर्भातल्या त्या गावातून आजोबा निघाले, इथे प्लांट उभा होत होता तेव्हा आले आणि राहिले. घरात बाबांचा एक निळा सूट होता, भीमजयंतीला घालायचा. तो ते स्वतः इस्त्री करत, आईला हात लावू देत नसत. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून त्यांच्यापुढे माझं तोंड उघडलं नाही, मग तोंड उघडलं नाही याचाच मला राग आला आणि मी जेवले नाही. आईने माझ्या वाटचं वांग्याचं भरीत शेजारी देऊन टाकलं, त्याचा वेगळा राग.

त्याच रागात मी नागपूरच्या एका कॉलेजची फॅशन डिझाइनची प्रवेश परीक्षा दिली. घरी सांगितलं मावशीकडे जाते. पास झाले आणि पंचाईत झाली, कारण फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती. मंगळवार शेवटचा दिवस. मी बुधवारी, म्हणजे सहा दिवस आधी, बाबांच्या ताटाशेजारी फॉर्म ठेवला. बाबांच्या मनात माझं सगळं ठरलेलं होतं: इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, मग अप्रेंटिस, मग पक्की नोकरी, क्वार्टर, दवाखाना. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"हे शिकून काय करशील?"

"कपडे करीन. नवीन."

"लोक घालतील?"

"घालतील."

"तुले कसं माहीत?"

 बाबांनी प्लांटमध्ये एकतीस वर्षं काढली होती आणि एकच गोष्ट पक्की शिकले होते. मशीन दुरुस्त झालं असं कोणीही सांगितलं, अगदी साहेबाने सांगितलं, तरी मान हलवायची नाही. चालवून दाखव म्हणायचं.

"मंग ट्रायल घेऊ," ते म्हणाले. "रविवारी लग्न आहे. सगळे आपले लोक येतात. तुह्या फॅशनचा एक कपडा शिव, मी घालून येतो. कोणी नाही हासलं, तं सही. एक माणूस बी हासला, तं डिप्लोमा."

आई पोळी लाटायची थांबली. "यायच्या डोक्याले आज काय झालं?" ती मला म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता परत लाटू लागली.

लग्न बाबांच्याच शॉपमधल्या, म्हणजे प्लांटमधल्या त्यांच्या विभागातल्या, एका काकांच्या मुलीचं होतं, सेक्टरच्या मैदानावर मांडव, भरदुपारी. मला चार दिवस मिळाले. आणि नशीब असं की त्या सीझनला रनवेवर कामगारांचे कपडे आले होते. ढगळ डांगऱ्या, म्हणजे पँट आणि शर्ट एकत्र शिवलेले कामाचे पोशाख, मोठे खिसे, आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे लांब नारिंगी जाकीट, छातीवर आणि बाह्यांवर चांदीसारख्या चमकणाऱ्या पट्ट्या. एक उंच, रुसलेली पोट्टी ते घालून असं चालत होती की मी तो व्हिडिओ टाकीवर बसून वीसदा पाहिला. मला वाटलं, झालं आपलं काम. बाबांना खिसे आवडतात, मला रंग आवडतो, इतका सोपा पेपर आजवर मला आला नव्हता.

कापड मिळालं. पट्ट्यांसाठी मी खुर्सीपारला सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कौन से ठेकेदार का काम है?" मी तोऱ्यात म्हणाले, "पॅरिस का." तो पट्टी मोजता मोजता म्हणाला, "नया आया होगा."

तिथेच माझं डोकं ठिकाणावर यायला पाहिजे होतं. नाही आलं. ज्या गावात हजारो माणसं रोज असली जाकिटं पाहतात त्या गावात मी जन्मले, वाढले, आणि तेच जाकीट मोबाइलमध्ये दिसल्यावर मला ते काहीतरी परग्रहावरचं वाटलं. आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

जाकीट मात्र मी सुरेख शिवलं होतं. गुडघ्यापर्यंत लांब, बंद गळा, खांदे एकदम सरळ, आठ खिसे. बाबांनी घालून पाहिलं आणि एकेका खिशात वस्तू भरायला लागले. मोजपट्टी, चष्म्याची डबी, पेन, डायरी, रुमाल, बडीशेपेची पुडी. दोन खिसे तरी उरले.

"खिसे ठीक दिले," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून हे म्हणजे भाषणच.

मग चालण्याचा सराव. नुसता कपडा घालून भागत नाही, तो चालवावा लागतो हे मी त्यांना समजावलं, आणि चालवण्याची भाषा त्यांना लगेच पटली. नियम मी वहीत लिहून दिले. नजर लांब, कोणाकडे पाहायचं नाही. हसायचं नाही. वेग एकसारखा. टोकाला पोचलं की थांबायचं, कमरेवर हात, मनात तीन मोजायचे, वळायचं आणि त्याच वेगाने परत. स्वयंपाकघर ते मागचं दार एवढाच आमचा रनवे, आणि मागच्या दारात ओल्या कपड्यांची दोरी. बाबा प्रत्येक खेपेला आईच्या परकरात तोंड घालून तीन मोजायचे.

"पोटात दुखून राहिलं का तुमच्या?" आईने विचारलं. "असं तोंड काहून केलं?"

"ट्रायल आहे," बाबा म्हणाले.

एका मुद्द्यावर मात्र ते अडून बसले. चालताना कोणी जय भीम म्हटलं तर? मी म्हटलं, उत्तर द्यायचं नाही, मॉडेल देत नाहीत. बाबा म्हणाले, मग मॉडेल लोकायले आईबापानं काही शिकवलं नाही. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की मान न हलवता फक्त डोळे मिटून उघडायचे. तसा सराव केल्यावर ते आणखीच भयंकर दिसायला लागले, पण मी ते बोलले नाही.

रविवारी आम्ही तिघं स्कूटरवर निघालो.  मला वाटत होतं, आता मांडवात पाऊल टाकलं की कोणीतरी फिसकन हसेल आणि मी डिप्लोमाला जाईन, आयुष्यभर वायरी जोडत बसेन. बाबा उतरले, जाकीट सारखं केलं आणि आत गेले.

कोणी हसलं नाही.

उलट दारातला एक माणूस बिडी ओढत उभा होता, त्याने बाबांना पाहिलं आणि बिडी पायाखाली विझवली. एक काका आपली स्कूटर लावून हेल्मेट काढत होते, त्यांनी ते परत घातलं. स्वयंपाकी बाबांकडे एकदा पाहून पोरांना म्हणाला, "सिलेंडर थोड़ा पीछे करो," आणि सिलेंडर खरंच मागे गेले. वर्‍हाडातल्या एक-दोघांनी वायरींवर गालिचा सरकवला. जिथे बाबा जातील तिथे लोक जरा ताठ उभे राहत होते. मी आईच्या कानात म्हणाले, "पाह्य, काय रुबाब पडून राहिला." आई म्हणाली, "मले काही ठीक नाही वाटून राहिलं." मी तिला अडाणी ठरवलं आणि सरबत प्यायला गेले.

लग्न लागलं, टाळ्या झाल्या, पंगती बसल्या. आता फक्त चालणं उरलं होतं. मांडवाच्या दारापासून स्टेजपर्यंत लाल गालिचा होता, आयता रनवे. बाबा दाराशी उभे होते, हातात भेटीचं पाकीट. मी स्टेजच्या बाजूने हात वर केला. बाबा निघाले.

नेमक्या त्याच वेळी मागे जिलेबीच्या कढईखाली कोणीतरी ओली लाकडं सारली असावीत. मांडवात पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट शिरला. लोकांनी घास तोंडात तसाच धरून माना वर केल्या. आणि त्या धुरातून नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस सरळ नजरेने, एकसारख्या वेगाने, चेहऱ्यावर काहीही न दाखवता चालत आला. स्टेजपाशी थांबला, कमरेवर हात ठेवला, तीन मोजले, वळला आणि बाहेर चालू लागला.

आता भिलाईबाहेरच्या माणसाला हे सांगितलंच पाहिजे. असलं जाकीट इथे सेफ्टीवाले घालतात, आणि ते दिसले की बिडी विझते आणि हेल्मेट डोक्यावर चढतं. प्लांटमध्ये मॉक ड्रिल होतं, म्हणजे आग लागली किंवा गॅस सुटला असं समजून करायची कवायत. त्यात असलं जाकीट घातलेला माणूस पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. पळायचं नाही, बोलायचं नाही, सामान घ्यायचं नाही, काय झालं हे विचारायचं नाही. मोकळ्या जागी जाऊन रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर बोलायचा. हे इथल्या माणसांच्या हाडात इतकं मुरलंय की झोपेतून उठवलं तरी ते रांग लावतील.

पहिले बाबांच्या शॉपचे लोक उठले. मग कोक ओव्हनवाले, मग रोलिंग मिलवाले. पत्रावळी तशाच, अर्धी पुरी तशीच. बायकांनी पोरं कडेवर घेतली आणि नवऱ्यांच्या मागे लागल्या. भटारखान्यातली पोरंही आली, त्यातल्या एकाच्या हातात झारा होता, तो त्याने नियमाप्रमाणे दारात ठेवला. नवरीचे वडील उठले, नवरी उठली, तिने नवऱ्याचा हात धरला. दोनेकशे माणूस बाबांच्या मागे गालिच्यावरून निघालं, आणि चपलांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. मांडवात उरले ते फक्त नवरदेवाकडचे गोंदियाचे पाहुणे. त्यांना वाटलं आमच्यात ही काही रीत असेल. ते आपले जेवत राहिले.

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मागे वळून पाहायचं नाही असं मीच शिकवलं होतं. मी "बाबा, बाबा" करत ओरडले, पण कोणाच्याही हाकेला उत्तर द्यायचं नाही हेही मीच शिकवलं होतं. ते मैदानाच्या टोकापर्यंत गेले, जिथे गोलपोस्टचा खांब आहे तिथे थांबले, कमरेवर हात ठेवला, तीन मोजले आणि वळले.

समोर आख्खं लग्न रांगा लावून उभं होतं.

"एक," पहिल्या रांगेतले काका म्हणाले. "दोन," त्यांच्या बाजूचे म्हणाले. नंबर शेवटपर्यंत गेले. नवरी एकसष्ट झाली आणि नवरदेव गोंधळून तिच्याकडे पाहत बासष्ट म्हणाला. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. मला कळेना की हे जय भीमचं उत्तर आहे की धक्का बसला आहे.

नवरीचे वडील पुढे आले. घामाने डबडबले होते. "का गा, गॅस लीक झाला का? कुठं?"

मी मधे घुसणार होते. काहीतरी थाप मारली असती, तपासणी होती, सरकारी नियम आहे, काहीही. मला थापा येतात. पण बाबांना येत नाहीत.

"काही लीक नाही झालं," बाबा म्हणाले. मैदान इतकं शांत होतं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "हे फॅशन आहे. माह्या पोरीनं शिवली. मी घालून दाखवून राहिलो होतो."

 मग बासष्ट नंबरचा नवरदेव फिसकन हसला. मग नवरी, मग पहिली रांग, मग कोक ओव्हन, मग सगळेच. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. पहिल्या रांगेतल्या काकांनी बाबांच्या पाठीत धपाटा घातला आणि हसून हसून खाली बसले. एक आजी हसता हसता दात सांभाळत होती. माझ्या आईकडे पाहिलं तर तीही पदर तोंडात कोंबून हलत होती, आणि ते मी तिला अजून माफ केलेलं नाही.

एक माणूस हसला तरी डिप्लोमा, असं ठरलं होतं. इथे दोनशे हसत होते. मी पाण्याच्या ड्रमामागे जाऊन रडले. मला बाबांचा राग आला, पॅरिसचा राग आला, ओल्या लाकडांचा राग आला. आणि त्याहून वाईट म्हणजे मला लाज वाटली, कारण आपल्या माणसाला चारचौघांत हसं होण्यासाठी मीच सजवून आणलं होतं. जो माणूस इस्त्रीशिवाय दाराबाहेर जात नाही त्याला.

आत आलो तोवर गोंदियाच्या पाहुण्यांनी जिलेबी संपवली होती.

घरी आलो. बाबांनी स्कूटर लावली, आत आले, जाकिटाच्या खिशातून पेन काढलं आणि खुर्चीवर बसले.

"फॉर्म आण," ते म्हणाले.

मला वाटलं फाडायला मागत आहेत. "बाबा, सगळे हासले," मी म्हणाले. "एक नाही. सगळेच."

"हासले ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो." त्यांनी चष्मा लावला. "पण आधी मागं आले. मी एकतीस वर्षं लायनीत उभा राहून नंबर बोलून राहिलो. पुढं चालणारा नेहमी कोणी दुसरा. आन माह्या बापाजवळ तं गावात लोक उभे बी राहत नव्हते, सावली पडन म्हणून." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आज मी वळून पाहिलं तं आख्खं लग्न माह्या मागं होतं. तू काय शिवलं तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी जाकीट शिवलंय. मी फॉर्म आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि बोट ठेवून सहीची जागा दाखवली, कारण चष्मा लावूनही त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.